विमानाचे पाय

विमानविद्येचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर आकाशाकडे जितके लक्ष पुरविले, त्याच्या शतांशानेही जमिनीकडे पुरविलेले नाही. पंखांचा आकार कसा ठरत गेला, यंत्राची अश्वशक्ती कशी वाढली, कोणी किती उंची गाठली व कोणी कोणता समुद्र ओलांडला, यांविषयी ग्रंथांमागून ग्रंथ झाले आहेत. परंतु वर गेलेले विमान खाली कसे आले आणि खाली आल्यावर शाबूत कसे राहिले, हा प्रश्न बहुधा एखाद्या तळटीपेत उरकला जातो. वस्तुतः कोणतीही विद्या साहसाच्या कोटीतून नित्य व्यवहाराच्या कोटीत आल्याखेरीज समाजाच्या उपयोगी पडत नाही, आणि विमानाच्या बाबतीत हा पालट घडवून आणण्यात त्याच्या पायांचा वाटा फार मोठा आहे. त्या पायांचा इतिहास, आणि जुन्या लहान विमानांच्या जीर्ण पायांची पुनर्बांधणी करणाऱ्या कारागिरांचे काम, या दोहोंचा एकत्र विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. एकाशिवाय दुसऱ्याचे मर्म कळावयाचे नाही, अशी आमची समजूत आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. जमिनीस टेकणाऱ्या विमानाच्या अंगी दोन वेग असतात: एक पुढे धावण्याचा आणि दुसरा खाली पडण्याचा. पुढचा वेग दिसावयास भयंकर खरा, पण चाके व मोकळे मैदान मिळाले की तो हळूहळू ओसरतो. खरी अडचण दुसऱ्या वेगाची. अमेरिकेत हलक्या विमानांसाठी जी नियमावली अनेक दशके प्रमाण मानली गेली, तीत पायांची मजबुती ठरविताना हा खाली येण्याचा वेग सेकंदाला ७ ते १० फूट धरण्यास सांगितले होते. हे आकडे वाचकांस परके वाटतील, म्हणून ते उंचीच्या भाषेत सांगतो. एखादी वस्तू सुमारे नऊ इंचांवरून सोडली तर जमिनीवर पोहोचेपर्यंत तिला यांपैकी पहिला वेग प्राप्त होतो, आणि साधारण दीड फुटावरून सोडली तर दुसरा. म्हणजे हजारो फूट चढणाऱ्या या यंत्राच्या पायांची सारी कसोटी अखेर नऊ इंच ते दीड फूट एवढ्या पतनाची आहे! घराच्या ओट्याची उंचीही बहुधा याहून अधिक भरेल.

तथापि एवढे पतनही ताठ पायांना सोसवत नाही. ओट्यावरून उडी टाकणारे पोर, कोणी न शिकविता, गुडघे वाकविते, यातच या शास्त्राचे पहिले सूत्र सामावलेले आहे. टेकण्याच्या क्षणी विमानाचा स्वतःचा भार पंख पेलीत आहेत असे धरले, तर दीड फुटाच्या पतनाचा जोर अर्ध्या इंचात थोपविणाऱ्या पायांवर सरासरीने विमानाच्या वजनाच्या ३६ पट ताण येईल. तोच जोर सहा इंचांत थोपविला तर अवघा तिप्पट येईल. बाराशे पौंडांच्या लहान विमानापुरता हा हिशेब मांडला तर एका पक्षी ४३,००० पौंडांहून अधिक व दुसऱ्या पक्षी ३,६०० पौंड असे अंतर पडते. पाय वाकला पाहिजे, हे यावरून उघड झाले.

परंतु नुसते वाकणे पुरेसे नाही. रबरी चेंडू आणि ओल्या मातीचा गोळा हे दोन्ही जमिनीवर टाकून पाहावे. दोन्ही दबतात, पण चेंडू दबताना साठविलेला जोर तत्काळ परत करून उसळी घेतो, आणि मातीचा गोळा तो जोर आपल्या अंगातच जिरवून जेथल्या तेथे बसतो. विमानाच्या पायाने दबताना चेंडूसारखे असावे, म्हणजे पुढच्या धक्क्यासाठी तो पुन्हा उभा राहील. आणि जोर जिरविण्यात मातीसारखे असावे, म्हणजे विमान पुन्हा हवेत फेकले जाणार नाही. वेग मंदावलेले विमान उसळून दहा-पंधरा फूट वर गेले, की त्यास पंखांचा आधार पुरता मिळत नाही, आणि दुसरे पतन पहिल्याहून घातक ठरते. या दोन परस्परविरुद्ध गुणांचा मेळ घालण्याची खटपट, असेच विमानाच्या पायांच्या इतिहासाचे वर्णन करता येईल.

आरंभी तर विमानास पायच नव्हते. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जे पहिले उड्डाण केले ते १२ सेकंदांचे व १२० फुटांचे होते. त्यांचे यंत्र लाकडी रुळावरून सुटले आणि वाळूवर उतरले ते घसरपट्ट्यांवर. किटी हॉकची मऊ वाळू हीच त्यांची धक्का झेलणारी रचना होती, असे म्हटले तरी चालेल. राइट यांच्या विमानांना चाके लाभावयास १९१० साल उजाडावे लागले. युरोपात मात्र चाकांचा अवलंब लवकर झाला. फ्रान्सच्या लुई ब्लेरिओ यांनी आपल्या अकराव्या नमुन्याच्या पुढील चाकांस रबरी दोऱ्यांचा ताण दिला होता, आणि आडव्या वाऱ्यात चाके आपोआप वळावीत अशीही सोय केली होती. २५ जुलै १९०९ रोजी याच विमानाने त्यांनी इंग्लिश खाडी ओलांडली. जगाने त्या दिवसाचे स्मरण ठेविले ते समुद्र ओलांडल्याबद्दल. परंतु डोव्हरच्या किल्ल्याजवळ उतरताना वाऱ्याच्या झोतात सापडून त्या विमानाचे पाय व पंखा दोन्ही मोडले, ही गोष्टही त्याच दिवसाची आहे. समुद्र जिंकता आला, शेवटचे दोन-चार हात मात्र जिंकता आले नाहीत.

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धात रबरी दोरीचेच राज्य होते. चाकांचा आस पायांच्या खाचेत मोकळा ठेवावयाचा आणि सुती वेष्टनातील रबराच्या दोरीचे वेढे देऊन तो जखडावयाचा, ही पद्धत उभय पक्षांच्या विमानांत रूढ होती. ती स्वस्त, हलकी आणि दुरुस्तीस सोपी होती. आघाडीवरील तंबूत बसूनही नवी दोरी गुंडाळता येई. पुढे नाकेबंदीमुळे जर्मनीस रबर मिळेनासे झाले, तेव्हा तेथील कारखान्यांनी दोरीच्या जागी पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा गुंडाळल्या. पायांचा इतिहास हा जगाच्या व्यापाराशी कसा निगडित आहे याचा हा चांगला दाखला होय. परंतु दोरी काय किंवा स्प्रिंग काय, दोन्ही चेंडूच्याच जातीच्या. रबराचे वेढे एकमेकांवर घासल्याने थोडा जोर जिरे, पण उसळी राही ती राहीच.

मातीच्या गोळ्याचा गुण विमानास मिळाला तो तोफखान्यातून, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. जुनी तोफ उडाली की सबंध गाडाच मागे उडी घेई, आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा जागेवर आणून नेम धरावा लागे. फ्रान्सने १८९७ साली जी सुप्रसिद्ध ७५ मिलिमीटरची तोफ स्वीकारली, तिच्यात ही अडचण दूर झाली होती. तोफेची नळी तेवढी मागे सरके. सरकताना एक दट्ट्या तेलाला लहान छिद्रातून रेटी, त्या रेटारेटीत धक्क्याचा बहुतेक जोर उष्णतेच्या रूपाने जिरून जाई, आणि कोंडलेली हवा नळीस हळूच पूर्वस्थळी आणून ठेवी. तोफेचा धक्का व विमानाचा धक्का यांत तत्त्वतः भेद नाही. त्यामुळे तोफा करणाऱ्या ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीने तेल व हवा यांच्या जोडीने धक्का झेलणाऱ्या पायाची रचना १९१५ साली पेटंट करून घेतली, हे ओघानेच आले. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील क्लीव्हलँड न्यूमॅटिक टूल कंपनीने अशा पायांना ‘एरॉल’ असे नाव देऊन ते विकावयास आरंभ केला. हवा आणि तेल या दोन अर्थांच्या इंग्रजी शब्दांची ती सांगड होती. कारागिरांच्या तोंडी मात्र तेलवाचक लॅटिन शब्दावरून आलेले ‘ओलिओ’ हेच नाव रुळले.

या ओलिओची रचना सायकलच्या हातपंपाची आठवण करून देणारी आहे. एक नळकांडे, त्यात वरखाली सरकणारी गुळगुळीत पोलादी नळी, खाली तेल, वर दाबाखालील हवा आणि मध्ये हिशेबाने पाडलेले छिद्र. चाक जमिनीस टेकले की नळी आत शिरते व तेल छिद्रातून वर जाऊ पाहते. छिद्राचा एक विलक्षण धर्म असा की, तेल संथपणे रेटले तर ते सहज वाट देते, आणि वेगाने रेटले तर त्याच्या कितीतरी पट अडविते; वेग दुप्पट झाला की अडथळा सुमारे चौपट होतो. त्यामुळे हाच पाय मैदानावरून हळू धावताना मऊ असतो आणि जोराच्या उतरण्यात कणखर होतो. चेंडूचे काम हवेने करावयाचे व मातीचे तेलाने, अशी ही वाटणी आहे.

इतका उत्तम उपाय सापडल्यावर इतर सर्व उपाय मागे पडले असतील, अशी कोणाची कल्पना होईल. परंतु यंत्रांचा इतिहास एका सरळ रेषेत चालत नाही. ओलिओसाठी आरशासारख्या गुळगुळीत नळ्या लागतात, अचूक मापाचे काम लागते आणि तेल गळू न देणारे बंधन लागते. हे सर्व महाग पडते. अमेरिकेत १९३७ ते १९४७ या काळात ‘पायपर कब’ या विमानाच्या तिसऱ्या नमुन्याची जवळजवळ २०,००० यंत्रे झाली. त्यांच्या पायांत शेवटपर्यंत रबरी दोरीच होती. डी हॅविलंड कंपनीच्या ‘मॉस्किटो’ या वेगवान लढाऊ विमानाने नोव्हेंबर १९४० मध्ये पहिले उड्डाण केले. त्याचे पाय तेलाचे नसून त्यांत रबराचे ठोकळे एकावर एक रचलेले होते, कारण युद्धाच्या धामधुमीत अचूक कातकामाची बचत करावयाची होती. शर्यतीची विमाने बांधणाऱ्या स्टीव्ह विटमन यांनी तर टांग्याच्या कमानीची आठवण व्हावी असा एकसंध पोलादी पट्टीचा पाय योजिला. तो सेसना कंपनीने १९४६ च्या आपल्या लहान विमानांस लावला आणि पुढे लक्षावधी वेळा तो जमिनीस टेकला. याच सुमारास एरॉन्का कंपनीच्या ‘चॅम्पियन’ या विमानात स्प्रिंग व तेल यांची जोडी होती, आणि ‘न उसळणारे पाय’ अशी तिची जाहिरात होई. नवशिक्या वैमानिकास याहून गोड आश्वासन कोणते असणार?

आपल्या देशाचा या इतिहासाशी संबंध दुरान्वयाचा नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा हे कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूस उतरले, ते डी हॅविलंडच्या ‘पस मॉथ’ विमानातून. त्या विमानाच्या पायांची एक गंमत अशी की, धक्का झेलणाऱ्या दांड्यांवरील चपटी आवरणे वैमानिकास आतून फिरविता येत. ती वाऱ्यास आडवी केली की विमानाचा वेग कमी होई. म्हणजे जमिनीवर धक्का झेलणारे पाय आकाशात लगामाचेही काम करीत. परंतु उत्तम पायांनाही उत्तम भूमी लागते. पावसाळ्यात जुहूच्या मैदानावर पाणी साचे आणि टाटांच्या टपालसेवेस आपले बिऱ्हाड पुण्यास हलवावे लागे. मॉन्सूनपुढे पंखांचे काही बिघडत नव्हते. अडत होते ते चाकांचे.

स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या हिंदुस्थान कारखान्यात विमानांची रचना सुरू झाली, तिचे धुरीणत्व विष्णु माधव घाटगे या महाराष्ट्रीय शास्त्रज्ञाकडे होते. गॉटिंगेन येथे प्रांट्‌ल यांच्या हाताखाली वायुगतीचे अध्ययन केलेल्या या गृहस्थांच्या नेतृत्वाखाली १९५१ साली ‘एच.टी.-२’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान उडाले. १९५८ साली उडालेले ‘पुष्पक’ हे तर एरॉन्का कंपनीच्या ‘चीफ’ या विमानाच्या वंशातील. कापडी पंखांचे, दोघांना शेजारी शेजारी बसविणारे. देशातील उड्डाणमंडळांतून अनेक तरुणांनी या पुष्पकावर पहिले धडे गिरविले. शिकाऊ विमानाचे पाय इतर कोणत्याही विमानाच्या पायांहून अधिक कष्ट सोसतात, हे सांगावयास नकोच. प्रवासी विमान एका प्रवासात एकदा उतरते. शिकाऊ विमान तासाभरात सहा-आठ वेळा उतरते, आणि त्यांतील काही उतरणी पाहणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत अशाच असतात.

आता पुनर्बांधणीकडे वळू. असा पाय म्हातारा कसा होतो? पोलाद सहसा प्रथम थकत नाही. थकते ते बंधन, म्हणजे नळी व नळकांडे यांच्यामधून तेल बाहेर येऊ न देणारे वेष्टन. ज्यांच्या घरी पंपाचा स्टोव्ह वापरात होता त्यांस हे लगेच उमगेल. पंपाचा चामडी वॉशर सुकला की कितीही हात मारला तरी टाकीत हवा भरत नसे, आणि तेलाचे दोन थेंब सोडले की तोच वॉशर पुन्हा कामाला लागे. विमानांच्या पायांतही आरंभी अशीच चामड्याची व पुढे रबराची वेष्टने असत. ब्रिटनमधील अनेक जुन्या यंत्रणांत एरंडेलाच्या आधारे केलेले द्रव वापरीत आणि त्यांस नैसर्गिक रबर चालत असे. खनिज तेलास मात्र नैसर्गिक रबर चालत नाही. ते त्या तेलाने फुगते, मऊ पडते व निकामी होते. म्हणून खनिज तेलाबरोबर कृत्रिम रबर आले. जुना पाय हाती घेणाऱ्या कारागिराने प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच, की यात कोणत्या काळचे तेल आहे व कोणत्या काळचे रबर? दोन काळांची सरमिसळ झाली तर नवे कोरे वेष्टनही थोडक्या दिवसांत नासते.

वेष्टनांच्या इतिहासात एक नाव अवश्य सांगितले पाहिजे. नील्स क्रिस्टेन्सन हे डेन्मार्कमध्ये जन्मलेले व अमेरिकेत स्थायिक झालेले यंत्रज्ञ. वयाची सत्तरी उलटल्यावर, १९३७ साली, त्यांनी एका साध्या रबरी कड्याच्या पेटंटासाठी अर्ज केला. १९३९ साली ते त्यांस मिळाले. कडे गोल काटछेदाचे, आणि ते ज्या खाचेत बसावयाचे ती कड्याच्या जाडीपेक्षा थोडी अधिक रुंद, इतकीच ती युक्ती. दाब वाढला की कडे खाचेच्या एका कडेस दडपले जाऊन आपणच अधिक घट्ट बसते. म्हणजे शत्रूच्या बळानेच शत्रूस अडविते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने ही युक्ती सर्व कारखान्यांस खुली केली, आणि विमानांच्या पायांत ‘ओ-रिंग’ या नावाने तिचा सर्वत्र प्रसार झाला. काही आण्यांच्या त्या कड्यावर सबंध विमानाचा भरवसा असतो.

पुनर्बांधणीचे काम असे चालते. विमान जॅकवर उचलून पायावरील भार काढतात. मग सर्वांआधी वरच्या झडपेतून हवा सोडतात, आणि ती पूर्णपणे गेल्याची खातरजमा केल्यावाचून एकाही पेचास हात लावीत नाहीत. कारण कोंडलेल्या हवेवरचा पेच सोडला तर आतील भाग गोळीच्या वेगाने बाहेर येतात, आणि या पायाचा जन्म तोफखान्यात झाला होता याची भयंकर आठवण पटते. त्यानंतर तेल काढून घ्यावयाचे, चाक वाकडे वळू न देणारी कात्रीसारखी जोडणी सोडवावयाची, खालचे पकडकडे काढावयाचे आणि आतील नळी अलगद बाहेर ओढावयाची. आता खरी परीक्षा सुरू होते. त्या नळीवर क्रोमचा मुलामा असतो. खाऱ्या हवेने किंवा चिखलाने त्यास बारीक खळगे पडले असले, तर ते डोळ्यांस क्षुल्लक दिसतात. परंतु प्रत्येक धक्क्यासरशी त्यांची धार नव्या वेष्टनावरून फिरते आणि त्यास किसणीप्रमाणे किसते. म्हणून केवळ वेष्टन बदलून परत जोडलेला पाय पुष्कळदा महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गळू लागतो. खळगे खोल असतील तर मुलामा उतरवून पुन्हा चढवावा लागतो व घासून मापास आणावा लागतो. आणि मुलामा देताना कणखर पोलादात शिरलेला हायड्रोजन बाहेर काढण्यासाठी तो भाग काही तास भट्टीत तापवावा लागतो. एरवी तेच पोलाद काचेसारखे ठिसूळ होऊन अवचित तडकण्याची भीती असते. चुंबकीकरण करून व लोखंडाचे सूक्ष्म कण पसरून अदृश्य चिरांचाही शोध घेतात. चीर असेल तेथे ते कण रेषेने जमतात.

सर्व भाग मापाप्रमाणे ठरले, नवी कडी तेल लावून खाचेत बसविली आणि नळी परत आत गेली, म्हणजे तेल भरण्याचा प्रसंग येतो. पाय पूर्ण दाबून ठेवून तो काठोकाठ भरावयाचा, मग झडपेस लावलेल्या नळीचे दुसरे टोक तेलाच्या भांड्यात बुडवून पाय हळूहळू वरखाली करावयाचा, आणि भांड्यातील बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावयाचे. येथे घाई कामाची नाही. त्यानंतर हवा किंवा नायट्रोजन भरून, विमान स्वतःच्या चाकांवर उभे असता नळी ठरलेल्या मापाइतकी बाहेर राहील असे करतात. १९६० नंतर निघालेल्या व आता स्वतःच जुन्या झालेल्या ‘पायपर चेरोकी’ जातीच्या अनेक विमानांत हे माप मुख्य पायांस साडेचार इंच असते.

याच ठिकाणी एक अशी फसवणूक संभवते की जिच्यात या साऱ्या विषयाचे सार आहे. पायातील तेल गळून कमी झाले की विमान एका बाजूस बसते. तेल भरण्याची मेहनत नको असेल तर कोणासही झडपेतून आणखी हवा भरून ते उभे करता येते. माप घ्यावे तर साडेचार इंच बरोबर भरते. पाहणाऱ्यास दोन्ही पाय सारखे दिसतात. मैदानावर चालतानाही काही जाणवत नाही. परंतु छिद्रातून जावयास तेलच नसल्यामुळे पहिल्या जोराच्या उतरण्यात तो पाय तळाशी आदळतो, आणि ज्या सांध्यांवर पाय बसविलेला आहे ते सांधे मोडतात. असा पाय उभा राहतो, परंतु झेलत नाही. या दोहोंतील अंतर बाहेरून दिसत नाही. ते केवळ काम करणाऱ्याच्या सचोटीत असते, आणि त्याने विमानाच्या नोंदवहीत सही करून लिहिलेल्या चार ओळींत. कोणत्या दिवशी काय उघडले, कोणते माप मिळाले, कोणता भाग टाकला व कोणता नवा घातला, याची ती नोंदवही म्हणजे त्या यंत्राची बखरच. फरक इतकाच की, येथे बखरकाराने एक शब्द जरी पदरचा घातला तरी कोणाचा तरी जीव जाण्याचा संभव असतो.

जुनी विमाने पुन्हा उडविण्याच्या खटाटोपाविषयी जाणकारांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो की, जुने यंत्र जसे सापडले तसेच ठेवावे. प्रत्येक नवे कडे व प्रत्येक नवा मुलामा म्हणजे इतिहासाच्या पुराव्यावर फिरविलेला हात होय. दुसरा पक्ष म्हणतो की, उडणे हाच ज्याचा धर्म त्यास खिळवून ठेविले तर पुरावा राहील, पण ज्याचा पुरावा तेच नाहीसे होईल. पहिल्या पक्षाचे म्हणणे आम्ही हलके मानीत नाही. काही यंत्रे जगात एकुलती एक उरलेली असतात. त्यांना आकाशात पाठविणे म्हणजे एकमेव हस्तलिखित पावसात घेऊन जाण्यासारखे आहे. परंतु ज्या जातीची यंत्रे शेकड्यांनी उरली आहेत, त्यांच्याविषयी आमचा कौल दुसऱ्या पक्षास आहे, आणि त्याचे कारण पायांच्या या इतिहासातच सापडते.

आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द देवळांच्या संबंधात रूढ आहे. अहिल्याबाई होळकरांनी देशभर देवळे व घाट दुरुस्त केले, तेव्हा नव्या दगडामुळे तीर्थ खोटे झाले असे कोणी म्हटले नाही. कारण तीर्थ दगडात नव्हते, तेथे अखंड चालणाऱ्या उपासनेत होते. विमानाच्या पायाचेही तसेच आहे. त्यातील कडी, तेल, हवा व मुलामा ही बदलण्यासाठीच असतात. ज्यांनी ती रचना केली त्यांनीच तसे गृहीत धरले होते. जे टिकवावयाचे ते म्हणजे धक्का झेलण्याची क्रिया व ती पुन्हा जिवंत करण्याची विद्या. छिद्राचा आकार कागदावर उतरविता येतो, माप छापता येते. परंतु नळीवरून नख फिरवून खळगा ओळखणे, बुडबुडे संपल्याची खूण पटणे, हे दुसऱ्याच्या हाताखाली काम करूनच येते. पाय उघडणे बंद झाले की ही विद्या एका पिढीत जाते, आणि मग संग्रहालयातील विमान आपल्या पायांवर उभे असूनही ते पाय काय करीत असत हे सांगणारा कोणी उरत नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, आपल्या पहिल्या टपालफेरीस पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ७८ वर्षांच्या जे. आर. डी. टाटांनी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. त्यांचे ‘लेपर्ड मॉथ’ विमान १९३३ साली प्रथम उडालेल्या नमुन्याचे होते. २०१२ साली भारतीय वायुसेनेचे एक ‘टायगर मॉथ’ ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन वायुसेनेच्या संचलनात पुन्हा आकाशात दिसले. अशा प्रसंगी वर्तमानपत्रांतून वैमानिकाचे व पंखांचे चित्र येते, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु तशा दिवसाचा शेवट नेहमी जमिनीवर होतो. नऊ इंचांपासून दीड फुटापर्यंतचे ते शेवटचे पतन एखाद्या कारखान्यात वाकून बसलेल्या, बहुधा अनामिक राहिलेल्या माणसाने आधीच झेलून ठेविलेले असते. विमानविद्येच्या इतिहासात त्याच्यासाठी तळटीपेहून थोडी अधिक जागा असावी, एवढेच आमचे मागणे आहे.